कागद नसलेल्या माणसाचे हक्क

अमेरिकेत वैध कागदपत्रांविना राहणारे परदेशी लोक नेमके किती, हे कोणालाच मोजून सांगता येत नाही. होमलँड सिक्युरिटी खात्याचा जानेवारी २०२२ चा अंदाज सुमारे १ कोटी १० लाखांचा होता. प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेने २०२३ साठी १ कोटी ४० लाखांचा आकडा दिला. भारतीयांच्या बाबतीत तर दोन्ही अंदाजांत तिपटीहून जास्त अंतर आहे. सरकारी हिशेबाने २०२२ मध्ये असे २ लाख २० हजार भारतीय होते, तर प्यूच्या हिशेबाने २०२१ मध्येच ७ लाख २५ हजार. लपून राहणाऱ्यांची शिरगणती होत नसते. पाहणीत सापडलेल्या परदेशी जन्माच्या लोकांतून कायदेशीर राहणारे वजा करायचे आणि उरतील ते या सदरात टाकायचे, अशी ही रीत आहे. आश्रयाचा अर्ज पडून आहे किंवा तात्पुरते संरक्षण मिळाले आहे अशांना कुठे धरायचे, यावर आकडा लाखांनी वरखाली होतो.

या एकाच सदरात दोन अगदी वेगळ्या वाटांनी आलेली माणसे असतात. पहिली वाट सीमा चोरून ओलांडण्याची. पंजाब, हरियाणा, गुजरातमध्ये तिला ‘डंकी’ म्हणतात. एजंटाला लाखो रुपये मोजायचे, दक्षिण किंवा मध्य अमेरिकेतल्या एखाद्या देशात उतरायचे, पनामाजवळचे दारिएनचे जंगल तुडवायचे आणि मेक्सिकोच्या बाजूने आत शिरायचे. काहीजण कॅनडाच्या बाजूने येतात. जानेवारी २०२२ मध्ये गुजरातमधल्या डिंगुचा गावचे चौघांचे कुटुंब त्या सीमेवरच्या बर्फात गोठून मेले. २०२२-२३ या अमेरिकी आर्थिक वर्षात सीमांवर भारतीयांना अडवल्याच्या ९६,९१७ नोंदी झाल्या. दुसरी वाट विमानतळावरून जाते. व्हिसा घेऊन रीतसर यायचे आणि मुदत संपल्यावरही राहायचे. पुण्या-मुंबईच्या, नागपूर-नाशिकच्या घरांतून शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुलामुलींचा संबंध आला तर बहुधा या दुसऱ्या वाटेशी येतो. तोही अनेकदा ठरवून नव्हे, तर नोकरी गेल्याने किंवा तारखेकडे दुर्लक्ष झाल्याने.

कायद्याच्या नजरेत या दोन वाटांत मोठा फरक आहे. तपासणी टाळून सीमा ओलांडणे हा फौजदारी गुन्हा आहे आणि पहिल्या वेळेस त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. व्हिसावर येऊन मुदतीपलीकडे राहणे हा मात्र गुन्हा नाही. तो दिवाणी स्वरूपाचा नियमभंग आहे, आणि त्याचा परिणाम म्हणजे देशाबाहेर काढले जाणे. पुढेही हा फरक कामी येतो. विमानतळावर तपासणी होऊन आत आलेल्या माणसाने अमेरिकी नागरिकाशी खरेखुरे लग्न केले, तर मुदत उलटून गेलेली असली तरी त्याला देशात राहूनच ग्रीन कार्डाचा अर्ज सहसा करता येतो. सीमा चोरून आलेल्याला, जोडीदार नागरिक असला तरी, ही सोय सहसा मिळत नाही.

मुदत कशावर ठरते याबद्दल सर्रास गैरसमज असतो. पासपोर्टावरचा व्हिसाचा शिक्का फक्त दारापर्यंत येण्याची परवानगी देतो. किती दिवस राहता येईल हे प्रवेशाच्या वेळी होणारी आय-९४ ही नोंद ठरवते आणि ती सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी मुलाकडे राहायला गेलेल्या आई-वडिलांच्या आय-९४ वर साधारणपणे सहाच महिने लिहिलेले असतात. एच-१बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली तर नवी नोकरी शोधायला, व्हिसाचा प्रकार बदलून घ्यायला किंवा सामान बांधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि आय-९४ त्याआधी संपत असेल तर तेवढेही नाहीत. विद्यार्थ्याचे सगळे भवितव्य एका संगणकप्रणालीतल्या नोंदीवर टांगलेले असते. २०२५ च्या वसंतात अशा हजारो नोंदी अचानक रद्द झाल्या. जागोजागी दावे दाखल झाल्यावर एप्रिलअखेर सरकारने त्या पूर्ववत करायला घेतल्या.

मुदत उलटल्यावर जी शिक्षा बसते ती राहण्याबद्दल नाही, निघून जाण्याबद्दल आहे. हा विचित्र प्रकार १९९६ च्या कायद्यातून आला. बेकायदा वास्तव्य १८० दिवसांहून जास्त झाले आणि मग माणूस देश सोडून गेला, तर तीन वर्षे परत येता येत नाही. वर्ष किंवा त्याहून जास्त झाले असेल तर दहा वर्षे. आईचे आजारपण ऐकून घाईने विमानात बसलेला मुलगा त्या विमानानेच आपली परतीची वाट बंद करून घेतो. लोकांनी लवकर निघून जावे हा या तरतुदीमागचा हेतू. घडले उलटे. जाण्याची किंमत इतकी वाढली की आत असलेले आतच राहिले.

हद्दपारी दिवाणी मानण्याची ही रीत जुनी आहे आणि तिची मुळे चिनी मजुरांविरुद्धच्या कायद्यांत आहेत. १८९२ च्या गिअरी कायद्याने प्रत्येक चिनी मजुराला वास्तव्याचा दाखला जवळ बाळगणे भाग पाडले. दाखला नसेल तर आपण आधीपासून इथे राहतो हे सिद्ध करायला किमान एक विश्वासार्ह गोरा साक्षीदार आणावा लागे. न्यू यॉर्कमधल्या तीन चिन्यांनी या कायद्याला आव्हान दिले. १८९३ मध्ये फाँग युए टिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हद्दपारी ही शिक्षाच नव्हे, सरकार नको असलेल्या परक्याला फक्त परत पाठवते. ज्याचे घर, धंदा आणि मुले इथे आहेत त्याला ही शिक्षा नाही असे सांगणे पटण्यासारखे नाही. पण निकाल आजही उभा आहे, आणि आजच्या जवळजवळ प्रत्येक अडचणीचा उगम त्यात सापडतो. शिक्षा नाही म्हणून ज्यूरी नाही. शिक्षा नाही म्हणून सरकारी खर्चाने वकील नाही. फौजदारी खटल्यात बेकायदा झडतीतून मिळालेला पुरावा बाद होतो. हद्दपारीच्या खटल्यात तो सहसा बाद होत नाही, असे १९८४ च्या लोपेझ-मेंडोझा निकालाने ठरवले.

त्याच काळातल्या चिनी खटल्यांतूनच दुसरी, उजळ बाजूही घडली. सॅन फ्रान्सिस्कोत १८८० च्या सुमारास बहुतेक धोबीखाने लाकडी इमारतींत होते आणि त्यांतले बरेच चिन्यांचे होते. आगीचे कारण पुढे करून शहराने लाकडी इमारतीत धोबीखाना चालवायला परवाना सक्तीचा केला. मग सुमारे दोनशे चिन्यांचे अर्ज फेटाळले गेले आणि इतरांपैकी जवळजवळ सगळ्यांना परवाने मिळाले. बावीस वर्षे त्याच जागी धुलाई करणाऱ्या एका चिनी धोब्याला दहा डॉलर दंड झाला आणि तो न भरल्याने तुरुंगात जावे लागले. १८८६ च्या यिक वो निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की चौदाव्या घटनादुरुस्तीतले समान संरक्षण ‘व्यक्ती’ला आहे, केवळ नागरिकाला नाही. तो धोबी निदान कायद्याने राहत होता. दहा वर्षांनी, १८९६ च्या वाँग विंग निकालात, बेकायदा राहणाऱ्या चिन्यांचा प्रश्न आला. त्यांना खटला न चालवताच साठ दिवस सक्तमजुरीची कैद दिली होती. हद्दपार करा, पण रीतसर खटल्यावाचून अशी शिक्षा देता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले.

म्हणून आज अमेरिकेच्या घटनेतली चौथी दुरुस्ती म्हणजे अवाजवी झडती व अटकेपासून संरक्षण, पाचवी म्हणजे स्वतःविरुद्ध न बोलण्याचा आणि रीतसर प्रक्रियेचा हक्क, आणि चौदावी, या तिन्ही कागद नसलेल्या माणसालाही लागू आहेत. दारात आणि रस्त्यावर हे हक्क बऱ्यापैकी भक्कम असतात, न्यायालयाच्या आत शिरल्यावर ते पातळ होतात. आणि दारातही ते आपोआप चालत नाहीत. ज्याच्यासाठी आहेत त्याने त्या क्षणी ते मागावे लागतात. पूर्वतयारीला इतके महत्त्व आहे ते एवढ्यासाठीच.

दारावर थाप पडते तेव्हा सगळा प्रश्न एका कागदाचा असतो. इमिग्रेशन अँड कस्टम्स एन्फोर्समेंट म्हणजे ‘आइस’ हे खाते २००३ मध्ये निर्माण झाले. त्याचे अधिकारी बहुधा आय-२०० किंवा आय-२०५ क्रमांकाचे वॉरंट घेऊन येतात. पहिले अटकेचे, दुसरे हद्दपारीचा अंतिम आदेश झालेल्या माणसाला नेण्याचे. दोन्हींवर वॉरंट असे ठळक छापलेले असते, माणसाचे नाव असते, सहीही असते. पण माथ्यावर होमलँड सिक्युरिटी खात्याचे नाव असते आणि सही खात्याच्याच अधिकाऱ्याची असते. खरे न्यायालयीन वॉरंट वेगळे दिसते. त्याच्या माथ्यावर न्यायालयाचे नाव, खाली न्यायाधीशाची किंवा मॅजिस्ट्रेटची सही, आत झडती घ्यायच्या जागेचा नेमका पत्ता आणि मुदत. आजवरचा प्रस्थापित अर्थ असा की खात्याच्या वॉरंटवर तिथे राहणाऱ्याच्या संमतीशिवाय घरात शिरता येत नाही, न्यायालयाच्या वॉरंटवर येते. म्हणून दार न उघडता ‘कागद दाराच्या फटीतून सरकवा किंवा खिडकीला लावून दाखवा’ असे सांगण्याचा सल्ला वकील देतात. दार किलकिले करून बोलायला उभे राहिले की तीच संमती होती असा दावा पुढे केला जातो. तरीही अधिकारी बळाने आत आले तर अंगाने अडवू नये. ‘माझी संमती नाही’ एवढे मोठ्याने सांगावे, नावे आणि बिल्ले लक्षात ठेवावेत.

या प्रस्थापित अर्थालाही आता धक्का बसला आहे. अंतिम आदेश झालेल्यांच्या घरात आय-२०५ च्या जोरावर शिरता येईल अशी भूमिका आइसने २०२५ च्या एका अंतर्गत परिपत्रकात घेतल्याचे जानेवारी २०२६ मध्ये उघड झाले. त्यावर न्यायालयात वाद उभा राहिला. शाळा, दवाखाने, प्रार्थनास्थळे येथे कारवाई टाळण्याचे जुने धोरणही जानेवारी २०२५ मध्ये मागे घेण्यात आले. ते धोरण होते, कायदा नव्हता, म्हणून एका आदेशाने गेले. चौथी दुरुस्ती तशी जात नाही. दवाखान्याचा आतला भाग, वर्गखोली, दुकानाचा मागचा भाग अशा खासगी जागांत शिरायला आजही संमती किंवा न्यायालयाचे वॉरंट मागता येते.

रस्त्यावर दाराचा आडोसा नसतो. तिथे अधिकाऱ्याला थांबवण्यासाठी वाजवी संशय पुरतो. केवळ चेहरेपट्टीवरून तो घेता येत नाही, असे १९७५ च्या ब्रिग्नोनी-पोन्से निकालाने म्हटले होते. पण लॉस एंजेलिसमध्ये वंश, भाषेची ढब, ठिकाण आणि कामाचा प्रकार एवढ्याच आधारावर थांबवायला एका न्यायाधीशाने केलेली मनाई सर्वोच्च न्यायालयाने ८ सप्टेंबर २०२५ रोजी स्थगित केली, आणि जुन्या निकालाची धार बरीच बोथट झाली. थांबवलेल्या माणसाने विचारायचा पहिला प्रश्न साधा आहे: मी जाऊ शकतो का? ‘हो’ म्हटले तर शांतपणे चालू लागावे. पळू नये. ‘नाही’ म्हटले तर जन्म कुठे झाला, देशात कसे आलात, या प्रश्नांना उत्तर न देण्याचा हक्क आहे. काही राज्यांत पोलिसांना नाव सांगणे बंधनकारक आहे आणि वाहन चालवणाऱ्याला परवाना दाखवावाच लागतो. बाजूला बसलेल्याने गप्प राहिले तर चालते.

गप्प राहणे आणि खोटे बोलणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. केंद्रीय अधिकाऱ्याला खोटे सांगणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. ‘मी अमेरिकी नागरिक आहे’ असे खोटे सांगितले तर पुढे लग्न, नोकरी, काहीही झाले तरी ग्रीन कार्डाचा दरवाजा जवळपास कायमचा बंद होतो. बनावट सोशल सिक्युरिटी कार्ड किंवा दुसऱ्याचा परवाना खिशात सापडणे हे काहीच न सापडण्यापेक्षा किती तरी वाईट. याउलट ज्यांच्याकडे वैध कागद आहेत अशा अठरा वर्षांवरच्या परदेशी नागरिकांनी ते सतत जवळ बाळगावेत असा जुना नियम आहे, आणि २०२५ पासून सरकार तो आवर्जून राबवते. एच-१बीवाल्याने किंवा ग्रीन कार्डधारकाने मूळ कागद घरी कपाटात ठेवून फिरणे आता शहाणपणाचे राहिलेले नाही.

कागद नसलेल्यांनी जवळ काय ठेवावे, हा जास्त नाजूक प्रश्न आहे. परदेशी पासपोर्ट जवळ असला तर सरकारचे निम्मे काम तोच करून टाकतो. बहुतेक वकील तो घरी सुरक्षित ठेवायला सांगतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या इमिग्रंट लीगल रिसोर्स सेंटरने तयार केलेले लाल कार्ड मात्र अनेकजण पाकिटात ठेवतात. त्यावर, मी प्रश्नांची उत्तरे देणार नाही, वकिलाशी बोलायचे आहे, झडतीला माझी संमती नाही, अशा आशयाचा मजकूर असतो. भीतीने तोंडातून शब्द फुटत नाही किंवा इंग्रजी अडखळते, तेव्हा कार्ड पुढे केले की झाले.

आणखी एक कागदी पुरावा आता मोलाचा ठरला आहे. न्यायाधीशापुढे न नेताच अधिकाऱ्याच्या सहीने परत पाठवण्याची झटपट हद्दपारीची पद्धत १९९६ मध्ये आली. ती पूर्वी मुख्यतः सीमेपासून शंभर मैलांच्या आत, चौदा दिवसांत सापडलेल्या माणसांना लावत. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने ती देशभर, तपासणी टाळून आलेल्या आणि दोन वर्षे पूर्ण न झालेल्यांना लागू केली. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या केंद्रीय न्यायालयाने हा विस्तार रोखला आणि प्रकरण अपिलात गेले. निकाल काहीही लागो, सलग दोन वर्षांहून जास्त वास्तव्याचा पुरावा म्हणजे भाडेकरार, वीजबिले, मुलांचे शाळेचे दाखले, कर भरल्याच्या पावत्या यांच्या प्रती हाताशी ठेवणे शहाणपणाचे. मायदेशी परतल्यास छळाची खरी भीती असेल तर ती तिथल्या तिथे स्पष्ट शब्दांत सांगावी लागते. ती सांगितली की आश्रयविषयक मुलाखत घेणे अधिकाऱ्यावर बंधनकारक होते.

अटक झाल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत जे घडते ते बहुतेक खटल्यांचा निकाल ठरवते. माणसाला टेक्सास किंवा लुइझियानातल्या एखाद्या कोठडीत हलवले जाते आणि घरच्यांना पत्ता लागत नाही. शोधायला आइसचे ऑनलाइन साधन आहे. त्यात जन्मदेश आणि ‘ए’ अक्षराने सुरू होणारा आठ किंवा नऊ आकडी क्रमांक टाकून शोधता येते. हा क्रमांक मिळालेला असेल तर तो पूर्वीच्या इमिग्रेशन कागदांवर छापलेला असतो. तो घरातल्या एका विश्वासू माणसाकडे लिहून ठेवलेला असला की तासांचे काम मिनिटांत होते. फोन काढून घेतला जातो, म्हणून दोन नंबर तोंडपाठ हवेत, एक घरच्याचा आणि एक वकिलाचा. वकिलाकडे सही केलेले जी-२८ हे वकीलपत्र आधीच ठेवलेले असले तर त्याला कोठडीतल्या माणसाच्या वतीने लगेच बोलता येते.

याच दिवसांत समोर कागद येतात. ‘स्वेच्छेने परत जातो’ किंवा ‘सुनावणीचा हक्क सोडतो’ अशा अर्थाचे. सही केली की लवकर सुटका, असे सांगितले जाते, आणि सुटका होतेही, पण थेट विमानात. वकिलाशी बोलल्याशिवाय कशावरही सही न करणे हा या सगळ्या विषयातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी सल्ला आहे.

जामीन पूर्वी किमान १,५०० डॉलरपासून मिळे. सप्टेंबर २०२५ मध्ये इमिग्रेशन अपील मंडळाने ठरवले की सीमा चोरून आलेल्यांना जामीन देण्याचा अधिकार इमिग्रेशन न्यायाधीशांना नाहीच. अनेक जिल्हा न्यायालयांनी हे मानले नाही आणि तिथे हेबियस कॉर्पसचे, म्हणजे बेकायदा कोठडीतून सोडवण्याचे, अर्ज मंजूर होऊ लागले. आणीबाणी आठवणाऱ्या मराठी वाचकाला हा शब्द नवा नाही. जानेवारी २०२५ च्या लेकन रायली कायद्याने आणखी एक दोर आवळला: कागद नसलेल्या माणसावर चोरीचा, अगदी दुकानातून वस्तू उचलल्याचा नुसता आरोप असला तरी त्याला कोठडीत ठेवणे सक्तीचे झाले. दोष सिद्ध होण्याची गरज नाही.

इमिग्रेशन न्यायालय हे नावालाच न्यायालय. तिथले न्यायाधीश न्याय खात्याचे कर्मचारी, म्हणजे हद्दपारी मागणाऱ्या सरकारचेच नोकर असतात. वकील लावण्याचा हक्क आहे, पण ‘सरकारला खर्च न पडता’ असे कायद्यातच लिहिले आहे. न्यू यॉर्क शहराने २०१३ मध्ये कोठडीतल्यांसाठी सार्वजनिक खर्चाने वकील देण्याची योजना सुरू केली. बाकी बहुतेक ठिकाणी पैसे असतील तर वकील, नाहीतर सामाजिक संस्थांच्या रांगेत नंबर. चार वर्षांचे मूलही या न्यायालयात वकिलाविना उभे राहू शकते, आणि राहते.

खटल्याची सुरुवात हजर राहण्याच्या नोटिशीने होते. एक तारीख चुकली की हद्दपारीचा एकतर्फी आदेश. पत्ता बदलल्यावर न्यायालयाला पाच दिवसांत आणि सरकारला दहा दिवसांत कळवावे लागते. न कळवल्यास नोटीस जुन्या घरी जाते आणि माणसाला आदेशाची खबर अटकेच्या वेळी लागते. सुनावणीत मागता येण्यासारखे काय आहे हे प्रत्येकाच्या इतिहासावर ठरते. आश्रयाचा अर्ज देशात आल्यापासून एका वर्षात करावा लागतो. दहा वर्षे सलग राहिलेल्या, चारित्र्य चांगले असलेल्या माणसाला नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आई-वडील, जोडीदार वा मूल यांच्यावर असाधारण आपत्ती येईल हे दाखवून हद्दपारी रद्द करून घेता येते, पण वर्षाला ४,००० जणांनाच. गंभीर गुन्ह्याला बळी पडून पोलिसांना मदत केलेल्यांसाठी यू व्हिसा आहे, वर्षाला १०,०००. मारहाण करणारा नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर बायकोला त्याच्या नकळत स्वतःचा अर्ज करता येतो. एच-४ व्हिसावर नवऱ्यावर अवलंबून असलेल्या मराठी मुलींपर्यंत अशी माहिती फार कमी पोचते. त्यांचा नवरा स्वतःच व्हिसावर असल्याने त्यांना ही वाट नसते, पण यू व्हिसाची असू शकते.

म्हणून तयारीतले पहिले काम म्हणजे शांत काळात, अटकेच्या आधी, जाणकार वकिलाकडून एकदा संपूर्ण तपासणी करून घेणे. आपल्याला एखादी वाट उपलब्ध आहे हे अनेकांना ठाऊकच नसते. वकील राज्याच्या बारमध्ये नोंदलेला आहे ना, किंवा संस्थेचा प्रतिनिधी न्याय खात्याने मान्य केलेला आहे ना, हे आधी पाहावे. आरटीओबाहेरच्या एजंटासारखे ‘आतून काम करून देतो’ म्हणणारे तिथेही आहेत. मेक्सिको वगैरे देशांत नोटरी हा वरिष्ठ विधिज्ञ असतो, याचा फायदा घेऊन अमेरिकेतले साधे नोटरी त्या लोकांना वर्षानुवर्षे लुबाडतात. भारतीयांना लुबाडणारे बहुधा आपल्याच भाषेत बोलणारे सल्लागार असतात. ते खोट्या कारणांवर आश्रयाचा अर्ज भरून देतात, आणि एकदा खोटा ठरलेला अर्ज आयुष्यभर पाठ सोडत नाही.

मुलांची सोय हा तयारीचा सर्वांत जड भाग. आई-वडील दोघेही एकाच सकाळी उचलले गेले तर शाळा सुटल्यावर मुलाला कोण आणणार? शाळेच्या आपत्कालीन यादीत तिसऱ्या माणसाचे नाव असलेच पाहिजे. कॅलिफोर्नियात एका साध्या प्रतिज्ञापत्रावर नातेवाईक मुलाला शाळेत घालू शकतो, डॉक्टरकडे नेऊ शकतो. इतर राज्यांत तात्पुरत्या पालकत्वाची कागदपत्रे करावी लागतात. पैशांसाठी, घरभाड्यासाठी, गाडी विकण्यासाठी वेगळे मुखत्यारपत्र. औषधांची यादी, लसीकरणाच्या नोंदी, जन्मदाखले, हे सगळे एका फाइलमध्ये, आणि ती फाइल कुठे आहे हे माहीत असलेला एक माणूस.

शाळेत जायला कागद लागत नाहीत, हा हक्कही लढूनच मिळालेला आहे. टेक्सासच्या १९७५ च्या कायद्यामुळे टायलर शहरातल्या शाळांनी कागद नसलेल्या मुलांकडून १,००० डॉलर फी मागितली. चार कुटुंबे न्यायालयात गेली. सुनावणीच्या पहाटे ती गाडीत घरचे सामान भरूनच आली होती, कारण न्यायालयातूनच आपल्याला हद्दपार करतील अशी त्यांची खात्री होती. १९८२ मध्ये प्लायलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. आजही शाळेने स्थलांतराचा दर्जा विचारून प्रवेश अडवायचा नसतो. १९८६ च्या कायद्यानुसार इस्पितळाच्या आपत्कालीन विभागाने कोणालाही तपासल्यावाचून परत पाठवायचे नसते. केलेल्या कामाची मजुरी, निदान ताशी ७.२५ डॉलर ही केंद्रीय किमान मजुरी, कागद नसलेल्या कामगारालाही मिळालीच पाहिजे. ‘आइसला फोन करीन’ असे धमकावून मालकाने पगार बुडवणे बेकायदा आहे, पण तक्रार करायला धजावणारे थोडे.

भारतीय नागरिकाला अटक झाल्यावर आपल्या दूतावासाला कळवा, असे म्हणण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार आहे. कळवावे की नाही हे त्या माणसाने ठरवायचे. आश्रय मागणाऱ्याला ते नकोही असू शकते. वॉशिंग्टनचा दूतावास आणि न्यू यॉर्क, शिकागो, ह्यूस्टन, अटलांटा, सॅन फ्रान्सिस्को, सिएटल वगैरे ठिकाणचे वाणिज्य दूतावास घरी निरोप पोचवू शकतात आणि पासपोर्ट नसल्यास परतीचा प्रवास-दाखला देतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना बेड्या घालून अमृतसरला आणून सोडले, त्यात महाराष्ट्रातले तिघे होते.

हद्दपार झालेल्यावर प्रकरणानुसार पाच, दहा किंवा वीस वर्षांची प्रवेशबंदी येते. ती मोडून परत घुसणे हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. मागे राहिलेली बँक खाती, थकलेला पगार, निवृत्तीनिधी हे मुखत्यारपत्र असेल तर मार्गी लागते. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांचे वेगळे असते. जन्माने मिळणारे नागरिकत्व १८९८ च्या वाँग किम आर्क निकालाने पक्के केले. ते आकुंचित करणारा जानेवारी २०२५ चा अध्यक्षीय आदेश न्यायालयांनी रोखून धरला आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. असे मूल आई-वडिलांसोबत भारतात यायचे तर त्याला अमेरिकी पासपोर्ट आणि वर भारताचा व्हिसा किंवा ओसीआय कार्ड लागते. सोळा वर्षांखालच्या मुलाच्या पासपोर्टाला आई आणि वडील दोघांची संमती हवी असते. दोघांपैकी एक कोठडीत गेल्यावर ती मिळवणे कष्टाचे होते, म्हणून हा अर्ज दोघे घरी असतानाच केलेला बरा.